एक बेलचा कमी

देवराव मुनेश्वर आणि मी, आमचं भांडण चाळीस वर्षं जुनं आहे आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटत नाही. मी पुंडलिक राऊत, एसटीचा कंडक्टर, दारव्हा डेपो. तो रेल्वेचा माणूस. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या आमच्या शकुंतलेच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. माझी गाडी डांबरावर, त्याची रुळावर, आणि दोघांच्या गाडीत बसणारी माणसं तीच. मग भांडण होणार नाही तर काय? मी यवतमाळला जाऊन, चहा पिऊन, परतीची गाडी भरून येईपर्यंत हा लेकाचा अर्ध्या रस्त्यात वाफ धरत उभा असे. मी खिडकीतून डोकं काढून ओरडे, "देवराव, पायी ये, लवकर पोचशीन!" तो काळ्या तोंडानं हसे आणि बेलचा उगारून दाखवे. बेलचा म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचं लांब दांड्याचं फावडं. तरुणपणी त्याच्या हातात मी दुसरं काही फारसं पाहिलंच नाही.

चौऱ्याण्णव साली वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं. कोळसा संपला, तसं देवरावला फाटकाचं काम मिळालं. आता हे काम कसं, तर फाटकावर माणूसच नसायचा. गाडी फाटकापाशी येऊन थांबायची. देवराव खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पलीकडं गेली की फाटक उघडायचा आणि पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढायचा. पुढचं फाटक आलं की पुन्हा तेच. मी बैलगाड्यांच्या मागं बस उभी करून शिव्या घालत बसायचो आणि हा मला हात जोडून दाखवायचा, जसा काही मंत्र्याचा ताफा सोडून राहिला!

तो रिटायर झाला, मागून मीही. पुढं काही वर्षांनी गाडीही बंद पडली. आता रुळांवर गवत आहे. पण जिथं जिथं रस्ता त्या रुळांना आडवा जातो, तिथं देवराव अजूनही सायकलवरून उतरतो, दोन्हीकडं पाहतो, मग पुढं जातो. मी मागं कॅरिअरवर असलो तर मलाही उतरवतो. "उतर बे," म्हणतो, "लाइन आहे." मी म्हणतो, "अरे, लाइनवर शेळी चरून राह्यली!" पण उतरावं लागतं.

त्याला एकच लेक, प्रियंका. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. कांताबाई, म्हणजे देवरावची बायको, पोरीला घेऊन स्टेशनावर डबा द्यायला यायची. देवराव इंजिनातून उतरून, हात पुसून, पोरीच्या गालाला एक बोट लावायचा. गालावर काळा ठिपका उमटायचा. कांताबाई तो पुसायची नाही, म्हणायची, राहू द्या, दृष्ट लागत नाही. पोरगी तो ठिपका घेऊन शाळेत जायची.

ती शिकली, भरपूर शिकली, बेंगळुरूला नोकरीला लागली, तिकडंच लग्न झालं. सहा वर्षांपूर्वी कांताबाई गेली. तिची एकच इच्छा होती, समुद्र पाहायचा. रेल्वेच्या माणसाला घरच्यांसकट फुकट फिरायचा पास मिळतो, रिटायर झाल्यावरही मिळतो. देवरावला दर वर्षी मिळे आणि दर वर्षी तो म्हणे, पुढच्या वर्षी जाऊ. ड्यूटीवर असताना गाडी परत आणायची असायची, रिटायर झाल्यावर सवय गेली होती. सगळं आयुष्य रेल्वेत काढलं आणि हा माणूस मूर्तिजापूरच्या पुढं कधी गेला नाही. कांताबाईच्या तेराव्याला यानं मला सांगितलं, "पुंडलिक, पास पेटीतच राह्यले गा."

आई गेल्यावर प्रियंका दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागली. शुक्रवारी ऑफिस सुटलं की विमानानं नागपूर, तिथून टॅक्सीनं दारव्हा. शनिवार घरी, रविवारी दुपारी परत. तेवढ्यासाठी देवराव जगायचा. ती येणार त्या संध्याकाळी अंगणात उभा राहून आभाळात पाहायचा. आमच्या गावावरून नागपूरकडं जाणारी विमानं दिसतात. त्यातलं प्रत्येक विमान त्याला प्रियंकाचंच वाटे. "पाय, पाय, ते चाललं!" असं म्हणून मला दाखवायचा. मी म्हणायचो, "हात कर, तिले दिसशीन." आणि खरंच हात करायचा, बावळट!

दोन वर्षांपूर्वी मार्चात गारपीट झाली. गहू झोपला, संत्र्याचा बहार खाली आला. प्रियंका तेव्हा घरीच होती. गारा वितळेपर्यंत आम्ही तिघं ओसरीत बसलो होतो. देवराव म्हणाला, "आभाळ असं काहून करून राह्यलं वं माय? आमच्या वेळी असं नव्हतं."

तिच्या ऑफिसात हेच काम. कंपनीची माणसं कुठं कुठं जातात, कशानं जातात, त्यातून किती धूर होतो, हे काढायचं. तिनं सांगितलं की कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो धूर वर जातो तो तिथंच साचून राहतो, शेकडो वर्षं राहतो, आणि त्याखाली आपण शिजतो. म्हणून उन्हाळे असे, म्हणून हा पाऊस असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला देवराव माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"पुंडलिक, मी किती कोळसा टाकला असंन गा?"

"मले काय माहीत? तू टाकला, तू सांग."

"बावीस वर्षं टाकला. रोज. तो सगळा वरतीच हाये म्हणते प्रियंका." त्यानं आभाळाकडं पाहिलं. "गारा माह्याच असतीन काय?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. मी त्याला हाताला धरून घरी नेलं आणि प्रियंकाला म्हणालो, बाई, तुझ्या बापानं सगळ्या दुनियेचं खापर आपल्या डोक्यावर घेतलं आहे, आता तूच उतरव. ती आधी हसली. मग त्याचं तोंड पाहून कागद-पेन घेऊन बसली. एका फेरीला किती कोळसा, गाडीत किती माणसं, किती अंतर, सगळं विचारलं. तो सांगत गेला. टपावर बसलेलेही धरायचे का, असंही त्यानं विचारलं.

"धरू," ती म्हणाली. लिहून झाल्यावर तिनं कागद फिरवून त्याच्यापुढं ठेवला. "हे पाहा बाबा. धूर झालाच, खोटं नाही सांगत. पण तो एवढ्या जणांत वाटला गेला. गच्च भरलेली तुमची कोळशाची गाडीसुद्धा माणसामागं विमानापेक्षा कमीच धूर करायची. आणि आत्ताची तारेवरची रेल्वे तर कितीतरी कमी. एकटा माणूस विमानानं गेला तर जेवढा धूर होतो, तेवढ्यात रेल्वेनं पाच-सात जण जातात."

"तारेवरचा करंट कोठून येते पण? चंद्रपूरले कोळसाच जळते ना?"

"जळतो. हळूहळू उन्हावरचा, वाऱ्यावरचा करंटही येतोय. पण कोळशाचा धरला तरी कमीच."

"आणि माही एसटी?" मी विचारलं. मागं का राहायचं?

"एसटीही चांगली काका. भरलेली असली तर."

देवराव एवढा खूश झाला की त्यानं तो कागद घडी करून पासांच्या पेटीत ठेवला. आणि त्याच खुशीत, काही मनात न ठेवता, लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मंग तू काहून विमानानं येतं वं माय?"

प्रियंका बॅग भरत होती. दुपारी टॅक्सी यायची होती. तिचा हात थांबला. तिकीट काढलेलं होतं म्हणून त्या दिवशी ती विमानानंच गेली. पण ती शेवटचीच वेळ. दोन दिवसांनी फोन आला, "बाबा, तुमचं बरोबर आहे. दुनियेला मी शिकवते आणि स्वतः मात्र उडते. आता मी रेल्वेनंच येईन."

रेल्वेनं म्हणजे एक दिवस यायला, एक दिवस जायला. शिवाय सेवाग्रामला उतरून वर्धा, यवतमाळ, दारव्हा. दोन दिवसांच्या सुट्टीत हे बसतच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी येणारी पोरगी वर्षातून एकदा आली. आठ दिवस राहिली, हे खरं. पण उरलेल्या साडेअकरा महिन्यांचं काय करायचं?

मी तणतणलो. "लेका, तोंड आहे का फाटक? लावता येत नाही? एका पोरीनं विमान सोडल्यानं आभाळ निवते काय? ते विमान तर तसंच उडून राह्यलं, तिच्या सीटवर दुसरा बसून गेला!"

देवराव शांतपणे म्हणाला, "यवतमाळच्या अलीकडचा चढ तुले माहीत हाये ना? तिथं एक बेलचा कमी पडला की वाफ उतरे. एक बेलचा, पुंडलिक. गाडी उभी राहे. सगळे म्हणत, एकानं काय होते? मी टाकत होतो, मले माहीत हाये काय होते."

पण त्यानं अंगणात उभं राहणं सोडलं, हे मी पाहत होतो. संध्याकाळी विमान वरून जाई तेव्हा हा मुद्दाम खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत बसे. एकदा मीच म्हणालो, "ते पाय, चाललं." तो म्हणाला, "जाऊ दे. त्यात माही नाही." शेंगा सोलायचा थांबला मात्र नाही.

मग गेल्या पावसाळ्यात तो सायकलवरून पडला. नालीत गेला, सरळ. मला वाटलं चक्कर आली. यवतमाळला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची नजर बाजूनं मिटत आलेली. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं, आणि ती नळी रोज बारीक होते आहे. डॉक्टर म्हणाले, थेंब टाका, पण गेलेली नजर परत येत नाही. किती दिवस राहील? सांगता येत नाही. उन्हाळ्यापर्यंत धरून चालू नका.

आणि प्रियंकानं नवीन नोकरी धरली होती. दिवाळीला सुट्टी नव्हती. ती येणार होती मे महिन्यात.

बसमध्ये येताना मी मोबाइल काढला. देवरावनं माझं मनगट धरलं. म्हातारा असला तरी कोळसा टाकलेला हात आहे, सुटत नाही.

"फोन नाही करायचा."

"अरे, ती उद्या येईन! सकाळी निघंन, संध्याकाळी दारात!"

"विमानानं येईन."

"येऊ दे ना मंग! एक वेळ!"

"मी तिले बोललो, तिनं ऐकलं. माह्यासारख्या कोळसेवाल्याचं ऐकलं. आता माह्याच डोळ्यासाठी तिले मोडाले लावू?" मग माझं मनगट न सोडता म्हणाला, "कांताबाईची शपथ हाये तुले."

शपथ घातली! मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. एकदा नंबर लावलाही, घंटी वाजायच्या आत कापला. चौथ्या दिवशी गेलो तर हा भिंतीवरच्या फोटोपुढं उभा. प्रियंकाचा फोटो, कॉलेजातला. एकदम जवळ जाऊन मान हळूहळू फिरवत होता. मला म्हणाला, "फोटो हाये तसाच राह्यते गा. तिचं तोंड आता वेगळं झालं असंन. मले आताचं पाह्यचं हाये." आणि तो रडला. चाळीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं, कांताबाईच्या वेळीही रडला नव्हता.

माझं डोकं सरकलं. "ती येऊ शकत नाही, तू फोन करू देत नाही, तर तूच जाय ना लेका! तुहे पाय गेले काय? पेटीत पास सडून राह्यले! रेल्वेवाला आहेस ना? का नुसता मूर्तिजापूरपर्यंतचाच रेल्वेवाला?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग पेटी उघडली.

डिसेंबरात निघालो. मी माझं तिकीट काढलं, तो यंदाच्या पासावर. वर्ध्याहून कळंबपर्यंत आता नवीन मोठी लाइन झाली आहे, तिची गाडी ज्या दिवशी असते तो दिवस धरून निघायचं, असा त्याचा हट्ट. म्हणजे कळंबपर्यंत एसटी आणि पुढं रेल्वे. मी म्हणालो, सरळ एसटीनं वर्ध्याला जाऊ, डेपोची माणसं ओळखीची आहेत. नाही! कळंबला तो त्या गाडीत बसला आणि मला म्हणाला, "ही लाइन दारव्ह्यावरून जाणार हाये, पुंडलिक. पुढं पुसद, नांदेड. प्रियंका मंग दारव्ह्यालेच उतरंन." कधी उतरेल, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सेवाग्रामला बेंगळुरूच्या गाडीत बसलो. खिडकीची जागा मी त्याला दिली. म्हटलं, बघून घे. तो थोडा वेळ बसला, मग उठला. "किती डबे असतीन?" असं विचारून चालायला लागला. मी मागं. सीटला धरत, लोकांच्या पायांवर पाय देत, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. माणसंच माणसं. बायका, पोरं, फौजी, वरच्या फळीवर झोपलेले मजूर. देवरावचं तोंड फुललं होतं. "एवढे जण, पुंडलिक! एवढे जण धूर वाटून घ्याले!" एका बाईनं विचारलं, आजोबा काय शोधतात? मी म्हणालो, "काही नाही बाई, मोजून राह्यले."

दिवस मावळताना, तेलंगणात कुठंतरी, गाडी सिग्नलला थांबली. देवराव डुलकीत होता. त्याला बाहेर फाटकाची घंटा ऐकू आली असावी. खाडकन उठला आणि दाराकडं चालू लागला. मी चहा घेत होतो. पाहिलं तर हा दाराच्या दांडीला धरून एक पाय खाली सोडतो आहे. मी कप टाकून धावलो, कॉलर धरून आत ओढलं. त्याच क्षणी गाडी हलली.

"सोड बे! फाटक लावू दे, गाडी खोळंबली!"

"देवराव! ही आपली गाडी नाही!"

तो दाराशी बसून राहिला, धापा टाकत. मग ओशाळून हसला. मी त्याला भरपूर शिव्या दिल्या. मनात एकच, हा इथं पडला असता तर त्या पोरीला मी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? त्यानंतर बेंगळुरूपर्यंत त्याच्या सदऱ्याचं टोक मी मुठीत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. प्रियंकाला एवढंच कळवलं होतं की बाबा फिरायला येत आहेत. गाडी थांबली. देवरावनं डोक्यावरून हात फिरवला, सदरा नीट केला आणि दारात उभा राहिला. मागची माणसं ढकलत होती. मी म्हणालो, उतर आधी. आम्ही उतरलो.

ती आलेली होती. आमच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर. हसत होती. तिला वाटलं बाबा गंमत करत आहेत. देवराव समोर पाहत होता, गर्दीत शोधत होता. मग हळूच मला म्हणाला, "पुंडलिक, आली काय गा ती? दिसून नाही राह्यली."

प्रियंकाचं हसू तिथंच राहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. तेवढ्यात तिला सगळं समजलं. ती पुढं येऊन त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"काहून नाही सांगितलं बाबा?" इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात आपली बोली आली. "मी त्याच दिवशी विमानानं आली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं, माय."

ती रडायला लागली. त्यानं तिची हनुवटी धरली. "हालू नको," म्हणाला. "जरा थांब." मान थोडी थोडी फिरवत त्यानं तिला पाहिलं. कपाळ. एक डोळा, मग दुसरा. केसांतला पांढरा आलेला पट्टा. गालापाशी येऊन तो थांबला आणि तिथं त्यानं एक बोट टेकवलं. बोट स्वच्छ होतं, काही उमटलं नाही. हमाल ओरडत होते, लोक बॅगा घेऊन धक्के देत होते. एकजण म्हणाला, बाजूला व्हा. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो रूळ ओलांडून गेला असता.

"आईसारखी दिसाले लागली तू," देवराव म्हणाला.

प्रियंकानं ओढणीनं तोंड पुसलं. तिच्याकडं सुट्टी नव्हती, मे महिन्याआधी एकही नव्हती, ते मला माहीत होतं. ती देवरावला न सांगता माझ्याकडं वळली.

"काका, परतीची तीन तिकिटं पाहा. रेल्वेची. मीही येते, सुट्टीचं बघते."

देवरावनं ऐकलं. त्याचे डोळे जात आले असले तरी कान शाबूत आहेत. "एक दिवस पुरा लागते ना जायाले?" त्यानं विचारलं.

"हो बाबा. पूर्ण दिवस."

"मंग तू माह्या समोर बसजो," तो म्हणाला. "खिडकीपाशी. उजेडात."